उंबराखालचं गॅरेज, यवतच्या अलीकडे: जुनी पिकअप असेल तरच जा

या गॅरेजला पाटी नाही. सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचन सोडून यवतकडे निघालात की कडेला एक मोठा उंबर दिसतो. त्याच्याखाली कायम दोन-तीन पिकअप बोनेट उघडून उभ्या. ड्रायव्हर लोक 'उंबराखाली टाकलीय' एवढंच म्हणतात आणि समोरच्याला कळतं. मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात, मीही तेच म्हणते. नाव-नंबर इथं टाकणार नाही, त्यांना विचारलं तर म्हणाले, "नको ताई, आहेत त्याच गाड्या उरकत नाहीत."

माझी नर्सरी आहे. फळझाडं आणि शोभेची झाडं. पावसाच्या तोंडाशी दापोलीकडून हापूस-केसरची कलमं आणायची आणि वर्षभर इकडची रोपं कोकणात, साताऱ्याला, नगरला पोचवायची, असा धंदा. त्यासाठी महिंद्राची २०११ची बोलेरो पिकअप आहे. बीएस-३ (धुराच्या नियमांचा जुना टप्पा), २५२३ सीसीचं टर्बो डिझेल, पंप मेकॅनिकल. कॉमन रेल, ईसीयू, सेन्सर, म्हणजे डिझेल मोजून देणारं इलेक्ट्रॉनिक काम, यातलं काही नाही. आधीचा मालक तिच्यातून कांदा वाहायचा.

मागच्या उन्हाळ्यात गाडीनं ताम्हिणीत मान टाकली. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना, मागून काळा धूर असा की पाठीमागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या देत पुढे जायचे. अ‍ॅव्हरेज बारावरून नऊवर. सकाळी सेल मारून मारून बॅटरी बसायची. नेहमीच्या एका गॅरेजवाल्याकडे नेली. त्यानं दोनदा अ‍ॅक्सिलरेटर दाबला, धुराकडे बघितलं आणि निकाल दिला: इंजिन संपलं. रिंग, पिस्टन, लायनर, हेड, क्रँक, पंप, फुल काम. ७५ ते ८० हजार धरून चला. बोनेट उघडायचीसुद्धा तसदी घेतली नाही. आमच्या ड्रायव्हरनं तिथंच तोंड वाकडं केलं आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "वहिनी, एकदा उंबराखाली दाखवू. मग काय तो खर्च करा."

मामांनी पहिल्या दिवशी गाडीला हात लावला नाही. "रात्री इथंच राहू द्या, सकाळी थंड असताना बघतो." याचं कारण मला तेव्हा कळलं नाही, दुसऱ्या दिवशी कळलं. डिझेल इंजिनाचे निम्मे रोग थंड असताना पहिल्या सेलला दिसतात. घरून तापवत आणलेली गाडी सगळं लपवते. सकाळी त्यांनी ड्रायव्हरला सेल मारायला बसवलं आणि स्वतः सायलेन्सरच्या मागे जाऊन उभे राहिले. बराच वेळ नुसतं घरघर, मग पांढऱ्या धुराचा एक लोट, मग चालू. पांढरा विरला, जरा रेस दिल्यावर काळा सुरू झाला. मामांनी हात वर करून गाडी बंद करायला लावली.

"काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. ऑइल जळत असतं तर निळा आला असता. हिला निळा नाही. मग इंजिन कशापायी खोलायचं?"

मग सुरू झाली तपासणी. ती मी सगळी उभी राहून बघितली, कारण बसायला जागाच नव्हती (त्यावर पुढे बोलते). एअर फिल्टर काढून झटकला, बाजूला ठेवला. टर्बोकडून मॅनिफोल्डकडे हवा नेणारा रबरी होज अंगठ्यानं दाबत दाबत खालच्या अंगाला गेले आणि थांबले. मला म्हणाले, हात लावा. तिथं रबर ऑइलनं भिजून मऊ झालं होतं आणि क्लिपच्या शेजारी बोटभर चीर होती. वरून बघितलं तर होज एकदम धडधाकट. ड्रायव्हरला रेस द्यायला सांगितलं तर त्या चिरेतून हवेचा झोत हाताला लागला. टर्बोनं दाबलेली हवा इंजिनात जायच्या आधीच बाहेर, आणि पंप मात्र डिझेल पूर्ण मापानं देतोय. काळा धूर निघणारच. हा होज मिळतो ८५० रुपयांना.

एखादा इथंच थांबून होज बदलून मोकळा झाला असता. मामा थांबले नाहीत, कारण सकाळी गाडी चालू व्हायला उशीर का, याचं उत्तर अजून मिळालं नव्हतं. त्यांनी डिझेलच्या लाइनमध्ये, फिल्टरच्या पुढे, पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीचा वीतभर तुकडा जोडला. साधी सलाइनसारखी नळी. गाडी चालू केली तर नळीतून डिझेलबरोबर बारीक बुडबुडे पळताना दिसले. लाइन एअर धरत होती. टाकीकडून येणारी जुनी रबरी नळी कडक होऊन जॉइंटला सैल पडलेली. डिझेल बाहेर गळत नव्हतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं, पण हवा आत ओढली जात होती. रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल मागे टाकीकडे उतरायचं आणि सकाळी सेल मारून ते परत वर ओढावं लागायचं. नळ्या बदलल्या, क्लिपा बदलल्या, फिल्टर बदलला, फिल्टरच्या तळाचं पाणी काढलं. पेल्यात काढून दाखवलं: खाली पाणी, वर डिझेल, मधे तपकिरी गाळ.

नंतर नोझल, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं टोक. चारही इंजेक्टर उतरवले आणि टेस्टरवर लावले. हे यंत्र हातानं चालतं, दांडा दाबला की डिझेलचा दाब चढतो आणि वरच्या घड्याळात दिसतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या जुन्या इंजिनात साधारण २०० ते २५० बारला नोझल उघडतो आणि 'किर्रर्र' असा आवाज करत डिझेलचं धुकं सोडतो. पहिला, दुसरा, चौथा ठीकठाक. तिसरा नोझल मात्र तान्ह्या पोरासारखा सरळ धार सोडत होता, आणि दांडा सोडल्यावरही टोकाला थेंब लोंबत राहिला. तो थेंब सिलिंडरात नीट न जळता जातो, तिथूनही काळा धूर. "चारही टाका, एकट्याला नवा टाकला तर बाकीचे तीन रुसतात," हे मामांचं म्हणणं. नवे नोझल बॉशचे, नाशिकला बनलेले, सीलबंद डबीतून माझ्यासमोर काढले. बाजारात त्याच रंगाच्या डबीत डुप्लिकेट मिळतात, म्हणून समोर उघडायची पद्धत. होल्डर जुनेच ठेवले, आतली पातळ चकती बदलून दाब जुळवला. आणि इंजेक्टर बसवताना खालचे तांब्याचे वॉशर सगळे नवे. जुना वॉशर उलटा करून परत वापरणारे मी पाहिलेत. त्याच्या कडेनं गॅस निसटतो आणि इंजेक्टर कार्बनमध्ये असा चिकटतो की पुढच्या वेळी काढताना हेडच धोक्यात.

इंजेक्टर बाहेर होते तेवढ्यात त्याच भोकांतून कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजलं. आकडे खडूनं मडगार्डवर लिहिले: ४१०, ४००, ४०५, ३९०. हे पीएसआय या दाबाच्या मापात. "आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते बघायचं. तुमचे चौघं भाऊ एका घरात राहतात." म्हणजे ज्या इंजिनाचं ७५ हजारांचं फुल काम निघालं होतं, त्याचे रिंग-पिस्टन चांगले होते. मी मडगार्डवरचे ते आकडे पुसू दिले नाहीत, फोटो काढला आणि आधीच्या गॅरेजवाल्याला पाठवला. उत्तर आलं नाही.

पंपाचं काम मामा स्वतः करत नाहीत. खूण करून उतरवतात आणि पुण्याला टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचं माप जुळवायला, पाठवतात. त्यांच्याकडे बेंच नाही आणि बेंच नसताना पंपात हात घालणाऱ्याला ते मिस्त्री मानत नाहीत. तिकडून निरोप आला की फुल लोडच्या स्क्रूचं सील आधीच तुटलेलं आहे. कांदेवाल्यानं स्क्रू आत फिरवून डिझेल वाढवलं होतं. ही आपल्याकडची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लाडकी सुधारणा: स्क्रू फिरवा, पिकअप वाढवा. यावर आमचा ड्रायव्हर आणि मामा यांची चांगलीच जुंपली.

"मामा, थोडा ठेवा की. घाटात ओढायला बरं पडतं."

"ओढतंय ते हवेच्या जिवावर. होज बदललाय, बघ आता कशी ओढते. स्क्रूनं धूर वाढतो आणि पिस्टनचं डोकं तापतं. डोकं वितळलं की मग मालकिणीला काय सांगशील?"

पंप मूळ मापावर आला, सील लागलं. ड्रायव्हर दोन दिवस माझ्याशीही कमीच बोलला. मग दापोलीची खेप करून आला आणि स्क्रूचा विषय त्यानं परत काढला नाही. पीयूसीला गेलो तेव्हा धुराचा आकडा मर्यादेच्या बराच खाली होता. आमच्या काळच्या डिझेल गाड्यांना ६५ एचएसयूपर्यंत (एचएसयू म्हणजे धुराच्या काळेपणाचं माप) चालतं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं, त्यामुळे हा आकडा आमच्यासाठी कागदी नाही.

आता खरी गोष्ट पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांची. आधीच्या मालकानं मागच्या दोन्ही कमानींमध्ये एकेक जादा पाटा घातला होता. कांद्याच्या गोणी थप्पीनं भरायच्या तर गाडी मागून बसू नये म्हणून. हे सगळेच करतात आणि विकताना 'एक्स्ट्रा पाटा आहे' असं कौतुकानं सांगतात. मीही गाडी घेताना कौतुकानं ऐकलं होतं. मामांनी गाडीखालून डोकं काढलं आणि पहिला प्रश्न विचारला: "ताई, तुम्ही माल काय वाहता?" मी म्हटलं, रोपं, कलमं, कुंड्या. "मग मुळाचे गड्डे फुटत असतील."

फुटत होते. दर खेपेला पिशवीतल्या मातीचा गड्डा सुटलेली कलमं निघायची आणि आम्ही दापोलीच्या मजुरांना, खड्ड्यांना, ड्रायव्हरला बोल लावायचो. कलमाला हे फार वाईट. वरून पानं हिरवीगार, आत मुळांची बारीक केसं तुटलेली. गिऱ्हाइकाच्या शेतात महिनाभरानं ते वाळतं आणि फोन मला येतो. रोपांची गाडी आकारानं भरते, वजनानं नाही. निम्म्या वजनावर कडक कमानीची गाडी दगडासारखी आपटत चालते.

त्यातली दुसरी गोष्ट मला आजवर कुणीच सांगितली नव्हती. माझ्या गाडीला मागच्या ब्रेकसाठी लोड व्हॉल्व्ह आहे. चेसिसवर व्हॉल्व्ह, त्यातून एक दांडी एक्सलकडे गेलेली. माल भरला की चेसिस खाली बसते, दांडी हलते आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. गाडी रिकामी असेल तर कमी, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. जादा पाटा घातला की भरलेली गाडीसुद्धा खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. म्हणजे घाटात उतरताना, ऐन गरजेला, मागचा ब्रेक अर्धवट. मामांनी ती दांडी हातानं वर-खाली करून दाखवली. ताम्हिणी उतरताना आमचे पुढचे ब्रेक पॅड एवढे लवकर का संपतात, हा प्रश्न मी दोन वर्षं विचारत होते.

दोन्ही जादा पाटे काढले. शॅकल पिन, बुश, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट नवे. दांडीची सेटिंग परत केली. पहिल्या दिवशी ड्रायव्हरला गाडी 'बोटीसारखी' वाटली. गड्डे फुटायचे पूर्ण थांबले असं मी म्हणणार नाही, माणगावनंतरचा रस्ता आहे तसा आहे. पण उतरवताना बाजूला काढून ठेवायच्या पिशव्यांचा ढीग आता ढीग म्हणावा असा राहिलेला नाही. जुन्या गाडीला 'मॉडिफाय' करायचं म्हणजे काहीतरी वाढवायचंच, असं डोक्यात असेल तर या गॅरेजात निराशा होईल. इथं बहुतेक वेळा काहीतरी काढून हातात देतात.

रॅकचं काम शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं केलं, मामांच्या देखरेखीखाली. हौद्यात चौकोनी पाइपचा दोन मजली सांगाडा, खाली मोठ्या पिशव्या, वर छोटी रोपं, चारी बाजूंनी शेडनेट. उघड्या हौद्यात वाऱ्यानं पानं तीन तासांत करपतात, ताडपत्री बांधली तर आत उकडून निघतात. नेट हा मधला मार्ग. मामांची अट एकच होती, सांगाडा हौद्याला वेल्ड करायचा नाही, हुकांना बोल्टनं आवळायचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते ठासून सांगितलंय. सुटा सांगाडा पासिंगच्या दिवशी अर्ध्या तासात उतरतो. वेल्डरनं रॉड पेटवायच्या आधी मामांनी बॅटरीच्या वायरी काढून बाजूला केल्या, अल्टरनेटरच्या डायोडसाठी. वेल्डर म्हणाला काही होत नाही हो. मामांनी ऐकलं नाही.

खर्च सांगते, कारण सगळे तेच विचारतात. होज ८५०, चार नोझल ४,६००, पंपाचं कॅलिब्रेशन उतरवणं-चढवणं धरून ८,०००, नळ्या-फिल्टर १,९००, पाटे-बुश-बोल्टचं सगळं ६,५००, वर मजुरी ७,०००. मिळून २९ हजारांच्या आत. रॅकचे १८,००० वेगळे. अ‍ॅव्हरेज भरल्या गाडीला साडेअकरा ते बारा. निघालेले सगळे जुने भाग सिमेंटच्या रिकाम्या गोणीत घालून गाडीत ठेवले होते, न मागता.

आता तक्रारी, आणि त्या बारीक नाहीत.

वेळेच्या नावानं बोंब. दोन दिवस सांगितले आणि आठवडा उलटला. पंप पुण्यात अडकला हे खरं, पण तसा फोन करायला काय होतं? फोन ते उचलतही नाहीत. हात ऑइलचे असतात हे कारण एकदा चालतं. शेवटी मी त्यांच्या हाताखालच्या पोराचा नंबर घेतला, तेव्हा निरोप मिळायला लागले.

बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान. जीएसटीचं बिल लागत असेल तर सुट्या भागांचं दुकानदाराकडून थेट घ्या, मजुरीचं मिळणार नाही.

वायरिंगला इथं गाडी देऊ नका. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून जातो आणि दिवे मिणमिणतात, त्याला रिले (छोटा विजेवर चालणारा स्विच) टाकून बॅटरीतून थेट करंट द्या, हा मामांचा सल्ला एकदम बरोबर होता. ड्रायव्हरला हवे असलेले पांढरेफेक एलईडी बल्ब त्यांनी घालू दिले नाहीत, समोरच्याला आंधळं करतात म्हणून, तेही बरोबर. पण रिले बसवला तो पोरानं, आणि बसवला म्हणजे काळी टेप गुंडाळून एअर फिल्टरच्या पाइपला बांधला. पहिल्या पावसात एक दिवा गेला. मी उरुळीत दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून ते सगळं उकरून परत करून घेतलं.

आणि बसायची जागा. एक टायर आहे, त्यावर मामांचा चहा असतो. बाईमाणसाला दिवसभर थांबायचं तर आडोशाला काही नाही, जवळच्या हॉटेलात जावं लागतं. सुरुवातीला मामा माझ्या प्रश्नाचं उत्तर ड्रायव्हरकडे बघून द्यायचे. कॉम्प्रेशनच्या आकड्यांपाशी मी "चौघांत फरक किती चालतो?" असं विचारलं, तेव्हापासून माझ्याशी बोलायला लागले. आता उलट झालंय, ड्रायव्हरला म्हणतात, "तू गप, ताईंना सांगू दे."

बीएस-४च्या पुढची, कॉमन रेलची गाडी असेल तर जाऊच नका. गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर नाही, घ्यायचा विचारही नाही. अशी गाडी आली तर मामा हात न लावता कंपनीच्या वर्कशॉपचा रस्ता दाखवतात, हे मला त्यांचं आवडलं. ज्यांच्याकडे मेकॅनिकल पंपाची बोलेरो, टाटा २०७ किंवा ४०७ आहे त्यांनी न्यावी. मे महिन्यात मात्र नाही, पावसाआधी सगळ्या तालुक्याच्या गाड्या तिथं लागतात. आमचं क्लच प्लेटचं काम बाकी आहे, ते दिवाळीनंतर टाकायचं ठरलंय. गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवणार आहे, थंड.